सरळ किनार, वाकडी किनार

खदीजा आपांच्या दुकानातल्या कीबोर्डला स्पेसबार नव्हता. मी नोकरीला लागले त्या दिवशी मला वाटलं, मोडला असेल. शहाणपणा करून विचारलं, "नवा कीबोर्ड मागवू का?" आपांनी ड्रॉवर ओढला. आत सुईदोऱ्याच्या डबीशेजारी एक काळा लांबट तुकडा पडला होता. "हा बघ. मोडलेला नाही, मी उपटलाय," त्या म्हणाल्या. "ज्याला नावात रिकामी जागा सोडायची असेल त्याने आपल्या घरी जाऊन सोडावी."

भिवंडीत विक्षिप्त माणसांची टंचाई नाही, त्यामुळे मी फारसं मनावर घेतलं नाही. पुढे कळलं की निजामपुऱ्यात सगळेच हा किस्सा सांगून हसतात. समोरचा चहावाला म्हणायचा, "आपा को दो कप मत भेजो, बीच में जगह छूट जाएगी." मीही हसायचे. आता त्या विनोदावर मला हसू येत नाही, आणि चहावाल्यालाही मी तो पुन्हा करू देत नाही.

दुकान त्यांच्या वडिलांचं, फखरुद्दीन शेठचं. कापड धुणाऱ्या, रंगवणाऱ्या कारखान्यांना लागणारी रसायनं विकायचं. दुकान निजामपुऱ्यात, माल कशेळीच्या गोदामात. शेठ गेल्यावर दुकान नावाने धाकट्या भावाकडे, फहादकडे आलं आणि कामाने आपांकडे. आपांचं लग्न एकदा झालं होतं. दोन वर्षांत त्या माहेरी परत आल्या. का आल्या ते त्या सांगत नसत आणि विचारायची कुणाची छाती नव्हती. त्या वेळी घराच्या माडीवर त्यांनी मुलींसाठी कॉम्प्युटरचा क्लास काढला. मी, कशेळीची नेत्रा, त्याच क्लासात शिकले आणि पुढे त्यांच्याच दुकानात बिलं करायला लागले.

त्यांचा पहिला धडा कॉम्प्युटरचा नसायचाच. लूमवरून आणलेला कोऱ्या कापडाचा तुकडा त्या आमच्यापुढे टाकायच्या. "याच्या दोन्ही कडा बघा. ही किनार. आता मी कापते." कात्रीने कड उडवायच्या आणि आम्हाला सुटलेला धागा ओढायला लावायच्या. एक ओढला की दुसरा यायचा, आणि बघता बघता कापडाची झिरमिळी व्हायची. मग त्या फळ्याकडे वळायच्या. फाइलच्या नावात रिकामी जागा असेल तर कॉम्प्युटरला वाटतं की नाव तिथेच संपलं. पहिला शब्द तो नाव म्हणून घेतो आणि उरलेलं भलतंच काहीतरी समजतो. नाव एकत्र ठेवायचं असेल तर त्याला दोन्ही बाजूंनी किनार लावायची. किनार म्हणजे अवतरणचिन्हं. पुस्तकातलं नाव त्यांनी कधी घेतलं नाही.

या चिन्हांची नावं त्यांनीच पाडलेली होती. दुहेरी किनार, एकेरी किनार, कीबोर्डच्या वरच्या कोपऱ्यात बसते ती उलटी किनार. आणि चौथी, वाकडी किनार. ती सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. "दिसायला सगळ्यांत सुंदर हीच. पुस्तकात, लग्नाच्या पत्रिकेत शोभते. मोबाइल तर तुम्हाला न विचारता सरळ किनारीची वाकडी करतो. पण कॉम्प्युटरच्या लेखी ती किनारच नाही. त्याला ते नावातलंच एखादं अक्षर वाटतं, आणि तसल्या नावाची फाइल तो शोधत बसतो. ती कुठून मिळणार?" म्हणून कुणाला फोनवर काही लिहून घ्यायला सांगताना त्या अक्षर न् अक्षर उच्चारायच्या. "दुहेरी सरळ किनार उघड" असं त्या ओरडायला लागल्या की आख्खी गल्ली ऐकायची. मुली तोंडावर ओढणी घेऊन हसायच्या.

एवढा आटापिटा कशासाठी, ते मला गोदाम पाहिल्यावर कळलं. आमच्याकडे माल मोठ्या पिंपांतून येतो. छोट्या कारखान्यांना पिंप परवडत नाही, म्हणून गोदामाच्या पुढच्या खोलीत तो पांढऱ्या पोत्यांत भरून विकतात. पोती सगळी सारखी, आतली पूडही पांढरीच. कशात काय आहे ते फक्त वर चिकटवलेल्या लेबलावरून कळायचं, आणि लेबलं आपांनी बनवलेल्या छोट्या प्रोग्रॅममधून छापून यायची. एका रसायनाची एक फाइल. फाइलचं नाव सांगा, तिचं लेबल छापून येईल. सोडियम सल्फेट म्हणजे रंगाईचं मीठ. बिचारं कुणाच्या अध्यातमध्यात नाही. पाणी लागलं तर फार तर ढेकूळ होतं. सोडियम हायड्रोसल्फाइट, ज्याला सगळे हायड्रोस म्हणतात, त्याचं तसं नाही. त्याला ओल लागली की ते आतल्या आत तापतं, मग धुमसतं, आणि जो धूर निघतो तो माणसाची छाती जाळतो. म्हणून हायड्रोसच्या लेबलाला खाली जाड काळा पट्टा असायचा आणि त्यात मराठीत लिहिलेलं, पाणी लागू देऊ नये. मिठाच्या लेबलाला पट्टा नव्हता.

ही लेबलं खऱ्या अर्थाने वाचणारा माणूस एकच होता. बाळाराम. दिघाशीच्या पाड्यावरचा, शेठच्या वेळेपासून गोदामात हमाल. आठवडाभर गोदामाच्या आवारातल्या खोलीत राहायचा आणि सुट्टीला बायकोकडे, हौसाकडे, गावी जायचा. शाळा त्याने चौथीत सोडली होती. इंग्रजी अक्षरं त्याला आपांनी पोत्यांवरच शिकवली. माल कुठे रचायचा हे त्याला कुणी सांगत नसे. लेबल बघायचा आणि पोतं त्याच्या जागी नेऊन ठेवायचा. हायड्रोस कोरड्या चौथऱ्यावर. मीठ मागच्या दाराशी, पिंपं धुवायच्या हौदाजवळ, कारण मिठाला ओलीची पर्वा नव्हती. इतक्या वर्षांत त्याच्या हातून एक पोतं चुकीच्या जागी गेलं नव्हतं. आपा त्याला शाबासकी वगैरे देत नसत. त्या फक्त म्हणायच्या, "बाळाराम आहे तोवर मला झोप येते."

मग आपांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं.

मोतीबिंदूचंच होतं, पण डॉक्टरांनी पडद्याकडे बघायला सक्त मनाई केली आणि फहादला मोकळं रान मिळालं. फहाद वाईट माणूस नाही, उतावळा आहे. जुनं काही दिसलं की त्याच्या अंगावर पुरळ उठतं. आपा घरी बसल्या न बसल्या तोच त्याने गोदामात नवा कॉम्प्युटर आणला, स्पेसबार असलेल्या कीबोर्डसकट. आपांनी शब्दाशब्दांत आडव्या रेघा घालून ठेवलेली फाइलींची नावं त्याला गावंढळ वाटायची. मीठ आणि दोनतीन नावं सोडून बाकी सगळी त्याने बदलली. रेघा काढल्या, मोकळी जागा सोडली. "आता कसं सुटसुटीत दिसतं," मला म्हणाला. मी म्हटलं, "आपांना विचारलंत का?" तर म्हणाला, "आपा को आराम करने दो."

दुसऱ्याच दिवशी दुपारी मी आपांच्या घरी होते. त्या पलंगावर, डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसऱ्या डोळ्यानेही धड दिसत नव्हतं. माझ्या मोबाइलवर फहादचा गोदामातून फोन आला, मी तो स्पीकरवर टाकून आपांपुढे धरला. हायड्रोसची लेबलं अर्धीच छापली जात होती. नुसतं 'सोडियम', पुढे काही नाही, खाली पट्टा नाही. मागून बाळारामचा आवाज येत होता, आणि फहादने वैतागून फोनच त्याच्या हातात दिला.

"आपा, ह्याला नाव हाय, आडनाव न्हाय," बाळाराम म्हणाला. "कंचा सोडियम त्ये कसा कळल? मी उचलाचा न्हाय असला माल."

आपा हसल्या. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच मी त्यांना हसताना पाहिलं. "शाब्बास. उचलू नकोस. फहादला दे." आणि भावाला म्हणाल्या, "नावात जागा सोडलीस ना? तेवढ्यात तुटलं ते. नुसत्या सोडियमची नमुन्याची कोरी फाइल आहे, तीच छापली जातेय. नावं होती तशी कर."

"इतकी नावं आता पुन्हा कुठे बदलू? तुझ्या प्रोग्रॅममध्येच काय ते कर ना."

"मग एका ओळीत काम होईल. किनार लावायची राहिलीय, कारण माझ्याकडे जागा सोडणारं कुणी नव्हतं. लिहून घे. मी सांगते. दुहेरी सरळ किनार उघड..."

"आपा, फोनवर ते किनार-बिनार नको. व्हॉट्सअॅपवर पाठव. मी तिथून उचलून चिकटवतो. चूक व्हायला नको."

मी त्यांच्याकडे बघत होते. इतक्या वर्षांत त्यांनी अशी ओळ कधी कुणाला लिहून पाठवली नव्हती, बोलूनच सांगितली होती. पण त्या थकल्या होत्या, आणि भावाने काढून घेतलेलं काम भावानेच परत मागितलं होतं, त्याचा त्यांना आनंद झाला होता. तो लपत नव्हता. त्यांनी उशीखालून मोबाइल काढला. मी म्हटलं, "मला द्या, मी लिहिते." तर म्हणाल्या, "का, माझे हात मोडलेत? तू जा, चहा टाक."

मी चहा टाकून आले तेव्हा त्यांनी ओळ पाठवलीसुद्धा होती. मोबाइल नाकाशी धरून, एका अंधूक डोळ्याने टाइप केलेली. थोड्या वेळाने फहादचा निरोप आला. 'हो गया आपा. पूरा नाम आ रहा है.' त्यांनी तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. त्या दिवशी त्या चवीने जेवल्या, असं दुसऱ्या दिवशी त्यांची भाची सना मला म्हणाली. ते ऐकून तेव्हा मला बरं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी फहाद मालाच्या खरेदीला सुरतला गेला. मी दुकान उघडलं, कामं उरकली आणि दुपारी आपांना दुकानाची हकिगत सांगायला गेले. त्या पलंगावर ताठ बसल्या होत्या. ओळ जमली म्हणून खुशीत होत्या. "कालची ओळ मला वाचून दाखव," म्हणाल्या. "बाकीच्या प्रोग्रॅमलाही लावून टाकू. नीट वाच हं, क्लासात वाचायचीस तशी."

मी त्यांचा मोबाइल घेतला आणि विद्यार्थिनीसारखी सुरुवात केली. "दुहेरी किनार..."

"कुठली?" त्यांनी सवयीने विचारलं.

मी बोटांनी अक्षरं मोठी केली. पडद्यावर ती दोन चिन्हं मोठी झाली. गोल डोक्याची, शेपटी वळवलेली. लग्नाच्या पत्रिकेत शोभावीत अशी.

"आपा," मी म्हटलं. "वाकडी आहे."

"परत बघ."

मी परत बघितलं. शेवटचीही बघितली. ती उलट्या बाजूला वळलेली होती, पण वाकडीच.

मला वाटलं, आपा चिडतील, फोन फेकतील. त्या फक्त मांडीवर बोट टेकवून मनाशी काहीतरी लावत राहिल्या. मग अगदी हळू बोलायला लागल्या, मला समजावल्यासारख्या, पण ते माझ्यासाठी नव्हतं. "किनार वाकडी, म्हणजे फाइल सापडली नाही. फाइल सापडली नाही, तर प्रोग्रॅम काय करतो? आधीचं शेवटचं पूर्ण लेबल पुन्हा छापतो, कोरा नमुना धरत नाही. मीच तसं ठेवलंय. कागद अडकला की पुन्हा नाव टाकायला लागू नये म्हणून." त्या थांबल्या. "नेत्रा, हायड्रोसच्या आधी काल काय छापलं होतं?"

दुकानातून ऑर्डर मीच पाठवते, त्यामुळे मला आठवावं लागलं नाही. "मीठ," मी म्हटलं.

फहादने काय बघितलं असणार ते मला डोळ्यांपुढे दिसत होतं. आधी एकच शब्द येत होता, आता दोन येत होते, सोडियमपुढे सल्फ-काहीतरी. खूश होऊन त्याने आख्खा रोल छापला असणार. पुढच्या खोलीत लेबलं चिकटवणारे दोघे नवे होते. त्यांनी येईल तसं चिकटवलं असणार. अर्ध्या लेबलाचं पोतं बाळारामने उचललं नव्हतं. पूर्ण लेबलाचं तो का नाही उचलणार?

"आणि मीठ कुठे रचतात?" आपांनी विचारलं. त्यांना ते माहीत होतं.

त्यांनी डोळ्यावरची पट्टी ओढून काढली, बुरखा चढवला आणि जिना उतरायला लागल्यासुद्धा. मी मागून फोन लावत पळाले. फहादचा फोन लागत नव्हता. गोदामाच्या टेबलावरचा फोन वाजत राहिला. हमालांचे मोबाइल कामाच्या वेळात बाहेरच्या पेटीत ठेवायचे, हा नियम आपांचाच. ठिणगी पडू नये म्हणून केलेला. मी बाळारामचा नंबर पुन्हा पुन्हा लावत होते. त्या कुलूपबंद पेटीत तो कसा वाजत असेल ते डोळ्यांपुढे येत होतं.

रिक्षा अंजूरफाट्यापर्यंत कशीबशी आली आणि कंटेनरच्या रांगेत अडकली. आपा पुढच्या दांडीला धरून बसल्या होत्या. ऊन डोळ्यात जात होतं, त्यातून पाणी वाहत होतं, आणि त्या ते पुसतही नव्हत्या. "भाई, जल्दी करो," त्या एकसारख्या म्हणत होत्या. रिक्षावाला आधी म्हणाला, "आपा, उड़ के जाऊँ क्या?" मग त्याने आरशात त्यांचा चेहरा पाहिला आणि मुकाट्याने रिक्षा रस्त्याच्या कडेच्या मातीत घातली. काल्हेर मागे पडलं. मला आभाळात धूर दिसतो का ते बघायची हिंमत होत नव्हती आणि बघितल्याशिवाय राहवतही नव्हतं. आभाळ नेहमीसारखंच धुळकट होतं. आपा तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होत्या. मला वाटलं, दुआ असेल. जवळ सरकले तेव्हा ऐकू आलं. त्या तीच ओळ म्हणत होत्या, दुहेरी सरळ किनार उघड, दुहेरी सरळ किनार बंद.

गोदामाच्या फाटकाशी उतरलो आणि वास आला. फटाके विझल्यावर येतो तसा, पण घशात रुतून बसणारा. हमाल आवारात येऊन उभे होते. तोंडाला फडकी, डोळे लाल. "आपा, मीठ जळतंय," त्यांच्यातला एक म्हणाला. मीठ जळतंय! त्या माणसाच्या चेहऱ्यावर भुताटकी पाहिल्यासारखी भीती होती.

"बाळाराम?" आपांनी विचारलं.

तो आत होता. हौदाकडच्या थप्पीतलं तळाचं पोतं रात्रभर ओल पीत राहिलं होतं. दुपारी त्याने हात लावला तर गरम. मिठाला पाण्याची भीती नाही, म्हणून ते निववायला त्याने हौदातलं बादलीभर पाणी त्याच्यावर ओतलं. तिथून पांढरा धूर सुरू झाला. बाकीचे पळाले. पलीकडच्या खणात ब्लीचची पिंपं होती. धग तिथवर गेली तर गोदामच काय, आमची कशेळीची आळीसुद्धा राहिली नसती. बाळारामला ते माहीत होतं. म्हणून तो आकडा घेऊन एकेक पोतं ओढत मागच्या दारातून मोकळ्यावर टाकत होता.

"पाणी टाकू नको!" आपा किंचाळल्या आणि मागच्या दाराकडे धावल्या. धुरातून बाळाराम पाठमोरा बाहेर आला, पोतं ओढत. त्याने त्यांना पाहिलं, आणि पहिली गोष्ट काय केली असेल तर त्यांना खांद्याने ढकलून लांब लोटलं. शेठच्या मुलीला त्याने आयुष्यात पहिल्यांदा हात लावला होता.

"मीठ नाहीये ते, बाळाराम! हायड्रोस आहे! बाहेर ये!"

त्याने ऐकलं. एक क्षण तो थांबला, पोत्यावरच्या लेबलाकडे बघितलं. पूर्ण नाव, स्वच्छ छपाई, खाली पट्टा नाही. मग आपांकडे बघितलं. तो चेहरा मला विसरता येत नाही. त्यात राग नव्हता. फसवलं गेल्याचंही काही नव्हतं. लहान मूल बाजारात आईचा हात सुटल्यावर बघतं, तसा तो बघत होता. आणि मग उरलेली पोती ओढायला तो परत आत गेला.

माल मोकळ्यावर धुमसून राख झाला. आम्ही कोरडी वाळू टाकत राहिलो. ब्लीचपर्यंत धग पोचली नाही आणि त्या लेबलाचं एकही पोतं गोदामाबाहेर गेलेलं नव्हतं, एवढं नशीब. बाळारामला ठाण्याच्या हॉस्पिटलात नेलं तेव्हा त्याचा श्वास फुटक्या बाजाच्या पेटीसारखा वाजत होता.

फहाद सुरतहून धावत आला. त्याने सगळ्यांना सांगायला सुरुवात केली की हौद गळत होता, प्लंबरची चूक. मला त्याचा इतका संताप आला की मी तिथून उठून गेले. आपांनी मात्र त्याला एका शब्दाने टोकलं नाही. त्या हॉस्पिटलच्या बाकड्यावर हौसाशेजारी बसून राहिल्या. दिघाशीहून आलेली हौसा रडत नव्हती, भिंतीकडे बघत होती. आपा तिला म्हणाल्या, "हौदाचं काही नाही. लेबल चुकलं. ते माझ्यामुळे चुकलं. ओळ मी पाठवली होती."

हौसाने पदराची गाठ सोडली, परत बांधली. मग म्हणाली, "त्याला वास आलता. सांजच्याला फोनवर मना बोलला, मिठाला येगलाच वास येतंय. मी बोलली, मंग नको हात लावू. तं बोलला, लेबल आपांचा हाय."

आपांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. ऑपरेशन केलेला डोळा त्या दिवशीच्या धुराने कायमचा अधू झाला, पण त्याबद्दल त्यांनी कधी हूं की चूं केलं नाही.

बाळाराम वाचला. कित्येक महिने गावी होता. परत आला तेव्हा आवाज घोगरा झालेला, चार पावलांवर धाप लागायची. जड काम करू नको म्हणून सगळ्यांनी सांगितलं. पण त्याला पोत्यांशिवाय दुसरं काही येत नव्हतं, आणि येत असतं तरी त्याने केलं नसतं. आपांनी गोदामाचा ताबा फहादकडून परत घेतला होता. ओळ दुरुस्त केली होती, नावांतल्या मोकळ्या जागा काढून पुन्हा रेघा घातल्या होत्या. आता प्रत्येक लेबल त्या स्वतः भिंगाखाली धरून बघत. यापुढे चूक व्हायला जागाच उरली नव्हती, असं मला वाटत होतं.

पहिल्या दिवशी बाळाराम पहिल्या पोत्यापाशी गेला, लेबल वाचलं आणि उभा राहिला. वळून म्हणाला, "उचलू, आपा?"

"उचल," आपा म्हणाल्या.

त्याने उचललं, जागेवर ठेवलं, परत आला. दुसऱ्या पोत्यापाशी पुन्हा थांबला. "उचलू, आपा?"

आम्हाला वाटलं, दोन दिवसांत सवय मोडेल. मोडली नाही. प्रत्येक पोत्याला तो विचारतो. त्यात टोमणा नसतो, राग नसतो, तो खरंच विचारत असतो. मी सांगितलेलं त्याला चालत नाही, फहादचं चालत नाही. आपा दुकानात असल्या तर तो पोत्यांपुढे उकिडवा बसून राहतो, गाड्या खोळंबतात. म्हणून आता आपा निजामपुऱ्यातून रोज कशेळीला येतात. खुर्ची टाकून मागच्या दाराशी बसतात आणि दिवसभर म्हणतात, उचल, उचल, उचल. सुरुवातीला आवाज ठणठणीत होता. मग दर वेळी उत्तराला थोडा उशीर व्हायला लागला. आधी त्या लेबल बघायच्या, मग उठून पोत्याला हात लावायला लागल्या, मग पोत्याचं तोंड सोडवून वास घ्यायला लागल्या.

गेल्या आठवड्यातली गोष्ट. साधं मीठ होतं. मी स्वतः भरताना पाहिलं होतं, लेबल त्यांनीच छापलेलं, त्यांनीच चिकटवलेलं. बाळाराम वाकला, दोन्ही हात पोत्याला लावले आणि मान वर केली.

"उचलू, आपा?"

आपांनी लेबल वाचलं. चिमूटभर मीठ तळहातावर घेऊन उजेडात धरलं, हुंगलं, परत लेबल वाचलं. एका डोळ्याने किती वेळ तरी बघत राहिल्या. मी खुणेने म्हणत होते, सांगा ना, मीठच आहे.

"मला माहीत नाही, बाळाराम," त्या म्हणाल्या.

बाळारामने हात काढले नाहीत. बाहेर गाडीवाला हॉर्न वाजवत होता, आणि ती दोघं त्या पोत्यापाशी तशीच उभी होती.